छत गळतंय आणि बादल्या संपल्यात: घरात व्यसन असेल तर घरच्यांनी काय करायचं?

नवी मुंबईत एमडी म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ पकडला, ठाण्यात गांजा पकडला, अशा बातम्या आता सवयीच्या झाल्या आहेत. त्यात ग्रॅम असतात, लाखांतली किंमत असते, तोंडाला काळं फडकं बांधलेले आरोपी असतात. ती पुडी ज्याच्या खिशात जाणार होती, त्याच्या घरचं मात्र कुणी त्या फोटोत नसतं. दारूची तर तेवढीही बातमी होत नाही. गटारीच्या आदल्या दिवशी वाइन शॉपसमोरच्या रांगेचा फोटो बघून आपण हसतो आणि पान उलटतो.

पिणाऱ्याचं काय करायचं यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्याच्या बायकोने, आईबापाने, सातवीतल्या मुलीने आज संध्याकाळी काय करायचं, यावर फारच थोडं. माझं म्हणणं एवढंच आहे की घरच्यांनी तो सुधारायची वाट बघत बसू नये. तो डॉक्टरकडे यायला तयार नसला, तरी घरच्यांना मदत मिळू शकते. आणि ती मिळाली की तो तयार होण्याची शक्यताही वाढते. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. याचे आकडे आहेत, पुढे देतो.

आधी ब्रेकचं समजून घेऊ

घोडबंदर रोडला गायमुखचा उतार आहे. माल भरलेला ट्रक त्या उतारावरून खाली येतोय आणि ब्रेक लागत नाहीये. अशा वेळी शेजारच्या सीटवरून ‘अरे, ब्रेक मार ना!’ असं ओरडून काय होणार? ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरच आहे.

मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन असतं. चांगलं जेवण, कुणी केलेलं कौतुक, बाळाचं हसू यांनी ते थोडं सुटतं आणि ‘हे पुन्हा कर’ अशी खूणगाठ मेंदू बांधतो. दारू, गर्द (म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) आणि एमडी ही गाठ फार घट्ट बांधतात. वर्षानुवर्षं तेच चाललं की कपाळामागचा मेंदूचा भाग, म्हणजे ‘थांब, विचार कर’ म्हणणारा भाग, कमजोर पडत जातो. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ खरी असते, तेव्हाचं रडूही खरं असतं. संध्याकाळी साडेसातला पाय मात्र बारकडे वळतात. नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही थांबता न येणं, यालाच व्यसनाधीनता म्हणतात.

म्हणजे त्याची काहीच जबाबदारी नाही का? आहे. ब्रेक गेलेल्या ट्रकलाही स्टिअरिंग असतं. उपचार घ्यायचे की नाही हे वळण त्याच्याच हातात आहे. फक्त ओरडण्याने ब्रेक लागत नाही, एवढं घरच्यांनी मनाशी पक्कं करायचं.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर सर्वेक्षण केलं, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेले लोक सुमारे २.९ कोटी आहेत आणि त्यांच्यातल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळाला. उरलेल्या ३७ जणांची घरं कशी चालतात? बादल्यांवर.

बादल्यांचं घर

जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहिलेल्यांना सांगायला नको. जूनमध्ये स्लॅबला ओल येते, जुलैत टपटप सुरू होते. आपण खाली बादली ठेवतो. मग दुसरीकडे टपटपतं, तिथे पातेलं. पलंग सरकतो, टीव्हीवर प्लास्टिक येतं, मुलांचा अभ्यास स्वयंपाकघरात जातो. ऑगस्टपर्यंत अख्खं घर गळतीच्या भोवती मांडलेलं असतं आणि पाहुणा आला की आपण म्हणतो, ‘इथे बसू नका, इकडे बसा.’ वर गच्चीवर जाऊन बघायची ताकदच उरत नाही, कारण दिवसभर बादल्याच रिकाम्या करायच्या असतात.

आता समजा कोपरखैरणेतलं एक घर. नवरा रबाळे एमआयडीसीत कामाला. सोमवारी उठवत नाही, म्हणून बायको सुपरवायझरला फोन करते, ‘यांना ताप आहे.’ ही पहिली बादली. वाण्याची आणि बारची उधारी तिने भिशीच्या पैशांतून फेडली, ती दुसरी. सासूबाई सोसायटीत सांगतात, ‘त्याला शुगरचा त्रास आहे, म्हणून झोक जातो.’ धाकटा भाऊ रात्री त्याला रिक्षात घालून घरी आणतो. मुलगी बाबांच्या पावलांच्या आवाजावरून ओळखते की आज पुस्तक उघडं ठेवायचं की झोपेचं सोंग घ्यायचं.

यातली एकही गोष्ट चुकीच्या हेतूने केलेली नाही. बादली ठेवली नाही तर घरात पाणी होईल, हेही खरं. पण या सगळ्यातून एक घडतं. पिण्याची किंमत पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. ती बायकोच्या भिशीतून, आईच्या रक्तदाबातून, मुलीच्या मार्कांतून वळती होत राहते.

म्हणून समुपदेशक एक साधा प्रश्न विचारायला शिकवतात. मी आत्ता जे करते आहे, ती माणसाला मदत आहे की व्यसनाला? तो तापाने फणफणला असताना पेज करून देणं ही माणसाला मदत. ताप नसताना ‘ताप आहे’ सांगणं ही व्यसनाला.

‘सहव्यसनी’ हा शब्द मला पटत नाही

या विषयावर वाचायला लागलात की ‘सहव्यसनी’ किंवा ‘कोडिपेंडंट’ हा शब्द भेटतो. नवऱ्याला दारूचं व्यसन आणि बायकोला नवऱ्याला सांभाळायचं व्यसन, असा त्याचा सूर. काही जणींना तो आरशासारखा वाटतो, त्यांनी तो जरूर वापरावा. पण आजारांच्या अधिकृत वर्गीकरणात हे निदान नाही. शिवाय आपल्याकडे बाईवर खापर फोडायला आधीच कमी लोक बसलेले नाहीत. ‘हिनेच लाडावून ठेवलाय’ हे सासरी ऐकायचं आणि तेच पुन्हा शास्त्रीय भाषेत समुपदेशकाकडून ऐकायचं, हे फार झालं.

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ जिम ऑरफर्ड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली. घरचे लोक आजारी नाहीत. ती साधी माणसं आहेत आणि फार मोठ्या ताणाखाली आहेत, इथून ते सुरुवात करतात. ताण लांबला की झोप उडते, पित्त होतं, पाठ धरते, चिडचिड वाढते. त्या ताणाशी लोक तीन तऱ्हांनी वागतात: सोसतात, समोर उभे राहतात किंवा बाजूला होतात. तिन्हींना फायदे आहेत, तोटेही आहेत. कुठल्या दिवशी काय करायचं हे त्या बाईने ठरवायचं, ऐकणाऱ्याने तिला त्यात सोबत करायची. या मांडणीवर उभी राहिलेली पाच पायऱ्यांची पद्धत गोव्यात ‘संगत’ या संस्थेने वापरून पाहिली. तीही मोठमोठ्या डॉक्टरांकडून नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकडून. त्या पायऱ्या ऐकायला अगदी साध्या आहेत: ऐकून घेणं, माहिती देणं, वागण्याच्या वाटा तपासणं, आधाराची माणसं शोधणं, पुढची गरज ठरवणं. पण गेल्या दहा वर्षांत आपलं पूर्ण ऐकून घेणारं कुणी भेटलं का, हे एखाद्या पिणाऱ्याच्या बायकोला विचारून बघा.

‘चूक त्याची, मग समुपदेशन मला कशाला?’

हा प्रश्न रास्त आहे आणि आकड्यांची वेळ इथेच येते. १९९९ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पिणाऱ्यांच्या घरची १३० माणसं होती आणि पिणारे उपचाराला साफ नाही म्हणणारे होते. घरच्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला अल-अ‍ॅनॉनची वाट दाखवली. अल-अ‍ॅनॉन ही पिणाऱ्यांच्या नातेवाइकांची स्वमदत चळवळ, १९५१ साली सुरू झालेली. ‘हे मी घडवलं नाही, मी ते आवरू शकत नाही, मी ते बरं करू शकत नाही’ ही तिची शिकवण. दुसऱ्या गटाला सगळ्या नातलगांनी मिळून, पिणाऱ्याला समोर बसवून सुनावण्याची तयारी करून दिली. आपल्याकडे मामा-काका जमवून करतात तसंच, जरा शिस्तीत. तिसऱ्या गटाला ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत शिकवली.

पिणारा उपचाराला आला, असं पहिल्या गटात १३ टक्के घरांत घडलं, दुसऱ्यात ३० टक्के आणि तिसऱ्यात ६४ टक्के. अल-अ‍ॅनॉनला यावरून नापास करू नका, कारण त्याला उपचाराला आणणं हा तिचा हेतूच नाही. मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद. घरच्यांची स्वतःची अवस्था तिन्ही गटांत साधारण सारखीच सुधारली. तो आला तरी आणि नाही आला तरी.

क्राफ्टमध्ये काय शिकवतात? आधी निरीक्षण. तो कधी पितो, कुणाबरोबर, पगाराच्या दिवशी की भांडणानंतर, आणि न प्यायलेला असतो ते तास कुठले. मग त्या कोरड्या तासांना घरात ऊब द्यायची, आणि प्यायलेल्या तासांतली ऊब शांतपणे काढून घ्यायची. आपण सहसा नेमकं उलटं करतो. तो शुद्धीत असतो तेव्हा कालचा हिशेब काढतो आणि प्यायल्यावर त्याच्याभोवती नाचतो.

बोलायचं तेही सकाळी, चहाच्या वेळी, दोन-तीन वाक्यांत: ‘अहो, काल तुम्ही सरळ घरी आलात, चिमी तुमच्याबरोबर कॅरम खेळून हसत झोपली. मला बरं वाटलं. तुम्ही पिऊन आलात की मात्र मी आतल्या खोलीत जाऊन झोपणार, तेव्हा मला बोलायचं नाही.’ इतकंच. ‘तुम्हाला घराची काही पडलीये का’ हे वाक्य कितीही खरं असलं, तरी गिळायचं. उपचाराचा विषय काढायला चांगली वेळ म्हणजे त्यालाच स्वतःची लाज वाटत असते ती सकाळ. आणि त्या सकाळी डॉक्टरचं नाव, वेळ, पत्ता तुमच्याकडे तयार हवा, कारण संध्याकाळपर्यंत ती खिडकी बंद होते.

‘पैसे दिले नाहीत तर घरात तमाशा होतो’

तमाशा आणि मारहाण वेगळी ओळखा. नुसती आरडाओरड होत असेल, तर पैसे न देण्यावर ठाम राहता येतं. पहिले काही दिवस आवाज वाढतो, तो वाढेल हे धरूनच चालायचं. पण हात उचलला जात असेल, तर वर लिहिलेली चहाची वाक्यं बाजूला ठेवा. आधी जीव. ११२ वर पोलीस, १८१ वर महिला हेल्पलाइन. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार, घर कुणाच्याही नावावर असलं तरी बाईला त्या घरात राहायचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मागता येतो. आधार कार्ड, मुलांचे दाखले, थोडी रोकड, औषधं अशी एक पिशवी शेजारच्या विश्वासू घरी ठेवलेली बरी. ‘नवऱ्याविरुद्ध गेली’ म्हणणारे त्या रात्री तिच्या दाराशी नसतात.

न कळत दारू सोडवणारी पावडर

लोकलच्या डब्यात, मुतारीच्या भिंतीवर, पेपरातल्या छोट्या जाहिरातीत: ‘पिणाऱ्याला न कळवता दारू सोडवा.’ भाजीत, वरणात कालवायची पावडर. किती आयांनी ती घेतली असेल, कोण मोजणार? त्यांना हसू नये, कारण हताश माणूस काहीही करून बघतो. पण हे जिवावर बेतू शकतं.

अशा पावडरीत काय असतं हे पाकिटावरून कळत नाही. काही वेळा घरचे केमिस्टकडून खरंच डायसल्फिराम आणून गुपचूप देतात. हे खरं औषध आहे. दारू शरीरात गेली की तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन होतं आणि मग ते मोडून बाहेर जातं. डायसल्फिराम ही मोडतोड अडवतं. म्हणून गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. हृदय कमजोर असेल तर मृत्यूही येऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. ज्याला ठाऊक आहे तो त्या धाकाने दारूपासून लांब राहतो, हाच या औषधाचा सगळा उपयोग. ज्याला ठाऊकच नाही, तो नेहमीसारखा बारमध्ये जाऊन बसतो. म्हणजे औषधातली जरब गेली, उरलं फक्त विष. डॉक्टर हृदय-यकृत तपासून, त्याची संमती घेऊन, घरच्या एकाच्या देखरेखीखाली ते देतात, तेव्हा काम होतं.

‘मग आजपासून बंदच करते त्याची’

अनेक वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. शरीराला दारू धरून चालायची सवय झालेली असते. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत. लोक याला ‘बाहेरचं काहीतरी’ समजून मांत्रिकाकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. रुग्णालयात गोळ्या, बी-१ जीवनसत्त्व आणि देखरेख यांवर हा काळ बहुतेकांचा सुखरूप पार पडतो.

गर्दचं उलटं. ते तोडताना अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, हाल होतात, पण सहसा जीव जात नाही. खरा धोका नंतर. महिनाभर बंद राहिलेल्याने पुन्हा जुन्याच मात्रेत घेतलं, तर शरीराची सवय मोडलेली असल्याने श्वास थांबू शकतो. केंद्रातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणून जपायचे असतात.

‘चार माणसं बोलावून उचलून नेलं तर?’

काही केंद्रं रात्री गाडी पाठवतात, चौघं येतात, हातपाय बांधून नेतात. घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार येतात, आणि त्यात रुग्णाची संमती हाच नियम आहे. संमतीशिवाय दाखल करता येतं, पण तो अपवाद. त्याने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका असेल, किंवा त्याला स्वतःची किमान काळजीही घेता येत नसेल, तरच. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. साखळीने बांधणं या कायद्याने बंद आहे. केंद्र निवडताना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी मागा, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात ते विचारा, आणि नातेवाइकांना भेटू देत नसतील तर उठून चालू लागा.

एमडी किंवा गर्द घेणाऱ्याच्या आईबापांना आणखी एक भीती असते: डॉक्टरकडे नेलं की पोलीस येतील. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ याचसाठी आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातला गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी आपणहून उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. विकणाऱ्याला नाही.

‘लग्न करून दिलं की येईल ताळ्यावर’

येत नाही. फक्त बादल्या रिकाम्या करायला घरात आणखी एक जण येते.

मुलांना काय सांगायचं?

मुलांना सगळं माहीत असतं. त्यांना शब्द नसतात एवढंच. कुणी सांगितलं नाही तर ती स्वतःच कारण शोधतात, आणि ते कारण बहुतेक वेळा ‘मी’ असतं. मी गणितात नापास झालो म्हणून बाबा प्यायले. वयाला झेपेल अशा भाषेत सांगा: बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तुला तो बरा करायचा नाही, आणि भीती वाटली की खालच्या मजल्यावरच्या मावशीकडे जायचं. अभ्यासाची, खेळाची, झोपेची वेळ जमेल तितकी ठरलेली ठेवा. आणि एक कटाक्षाने टाळा: ‘जा, बाबांच्या खिशात बाटली आहे का बघ.’ हेरगिरी मुलांकडून करून घेऊ नये. गुणी, शांत, घर आवरणाऱ्या मुलीचीही चौकशी करा. ती ठीक आहे असं सगळ्यांनीच गृहीत धरलेलं असतं.

‘चार महिन्यांनी परत प्यायला. सगळं पाण्यात?’

मधुमेहाच्या माणसाने लग्नात जिलबी खाल्ली आणि शुगर वाढली, तर आपण इन्सुलिन फेकून देत नाही. डॉक्टरकडे जातो. व्यसनातली घसरण तशीच धरतात: काय झालं, कुठे झालं, पुढच्या वेळी काय करायचं. घरच्यांनी मात्र त्या दिवशी स्वतःची समुपदेशनाची किंवा अल-अ‍ॅनॉनची बैठक चुकवू नये. घसरण त्याची असते. तुमचे चार महिने त्याने पुसले जात नाहीत.

जायचं कुठे?

व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आधारासाठी टेलीमानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. त्याच्या नावाला लोक बिचकतात, पण बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून तज्ज्ञांना भेटून संध्याकाळी घरी परतता येतं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच ही संस्था समुपदेशनाचं काम करते. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात आणि पत्नींच्या गटाला ‘सहचरी’. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही पिणाऱ्यांची स्वतःची स्वमदत चळवळ आणि नातेवाइकांची अल-अ‍ॅनॉन यांच्या सभा मुंबई-ठाणे पट्ट्यात भरतात. त्यांना फी नसते आणि आडनाव कुणी विचारत नाही.

पहिल्यांदा जाताना तो बरोबर नसला तरी चालतं. एका वहीत आठवड्याची नोंद करून न्या: कुठल्या दिवशी प्यायला, किती वाजता आला, घरात काय झालं. शेवटी आणखी एक रकाना आखा, त्यात त्या रात्री तुम्ही स्वतः किती तास झोपलात ते लिहा. चांगला समुपदेशक आधी तोच रकाना वाचेल.